स्पाउस व्हिसासाठी उत्पन्न आणि बचत कशी दाखवावी : ठाणे-नवी मुंबईतील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मुलाशी किंवा मुलीशी लग्न ठरले की आपल्याकडच्या घरांत पहिले काही आठवडे हॉल, मुहूर्त, आहेर आणि पाहुण्यांच्या याद्या यांतच जातात, आणि व्हिसाचा विचार ‘लग्नाचा दाखला हातात आला की पाहू’ म्हणून पुढे ढकलला जातो. अर्जासाठी दाखला लागतो हे खरे आहे; पण पैशांच्या अटींमधली सर्वांत अडवणारी अट सहा महिन्यांच्या मुदतीची आहे, आणि ती मुदत साखरपुड्याच्या दिवसापासूनही मोजायला घेता येते. मी बँकेतून निवृत्त झालो आणि त्यानंतर नात्यातल्या व सोसायटीतल्या काही मुलामुलींची कागदपत्रे लावून दिली. त्या अनुभवावरून सांगतो की बहुतेक घरांत पैसा असतो. तो कोणाच्या नावावर आहे, किती दिवसांपासून आहे आणि कोणत्या कागदाने सिद्ध होतो, या तीन ठिकाणी अडते.

या लेखातील रुपयांचे हिशेब समजायला सोपे जावेत म्हणून १ पौंड म्हणजे ११५ रुपये असा दर धरला आहे. प्रत्यक्षात अर्जाच्या दिवशीचा दर लागू होतो, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

पहिली पायरी : आपला व्हिसा नेमका कोणता, ते ठरवा

तिकडचा जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना असेल, तरच हा लेख आपल्यासाठी आहे. जोडीदार स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी करत असेल, जसे आपल्याकडच्या आयटीतल्या अनेक मुलांचे असते, तर पत्नी किंवा पती ‘डिपेंडंट’ म्हणून जातो आणि त्याची अट फार हलकी आहे : जोडीदारासाठी २८५ पौंड सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात, आणि नोकरी देणाऱ्या कंपनीने हमी दिली असेल तर तेही दाखवावे लागत नाहीत. या दोन प्रकारांची गल्लत करून घोडबंदर रोडवरच्या एका कुटुंबाने मुलीच्या नावावर पैसे जमवण्यासाठी दुकानाचा गाळा विकायला काढला होता. जावयाच्या व्हिसाचा प्रकार वेळीच विचारला म्हणून तो गाळा राहिला.

दुसरी पायरी : २९,००० पौंडांचा आकडा समजून घ्या

जुलै २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट होती. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी ती २९,००० पौंड झाली. पूर्वी मुलांमागे वेगळी रक्कम वाढत असे, ती वाढ नव्या अर्जदारांसाठी आता नाही. हा आकडा पुढे ३८,७०० पर्यंत नेण्याचे आधीच्या सरकारने जाहीर केले होते आणि नंतरच्या सरकारने ते थांबवले. त्यामुळे नातेवाइकांकडून ऐकलेल्या आकड्यावर विसंबू नये, अर्ज भरण्याच्या आठवड्यात ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर तो पुन्हा पाहावा.

उत्पन्न म्हणजे कर कापण्याआधीचे, ढोबळ उत्पन्न. हातात येणारा पगार पाहून घाबरलेली माणसे मला भेटली आहेत. महिन्याला सुमारे २,४१७ पौंड ढोबळ पगार असेल तर अट पूर्ण होते.

दुसरी गोष्ट अनेकांना खटकते, पण नियम स्पष्ट आहे : भारतातून पहिल्यांदा अर्ज करताना अर्जदाराचा इथला पगार मोजला जात नाही. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये मुलीला कितीही चांगला पगार असला तरी तो या बेरजेत येत नाही, तिकडच्या जोडीदाराचाच पगार धरला जातो. मात्र तिचे घरभाडे, व्याज आणि बचत मोजली जाते, आणि हीच गोष्ट आपल्याकडच्या कुटुंबांना फारशी ठाऊक नसते.

ब्रिटिश नागरिक असलेला जोडीदार सध्या भारतातच नोकरी करत असेल आणि दोघांना एकत्र जायचे असेल, तर त्याचे इथले उत्पन्नही त्या पातळीचे असावे लागते आणि तिकडे परतल्यावर तीन महिन्यांच्या आत सुरू होणारी, तेवढ्याच पगाराची नोकरी हातात असावी लागते. जोडीदाराला तिकडे अपंगत्वाचे किंवा आजारी माणसाची काळजी घेण्याबद्दलचे ठरावीक सरकारी भत्ते मिळत असतील तर २९,००० ची अट लागू होत नाही, त्याऐवजी दोघांचा निर्वाह पुरेसा चालतो का एवढेच तपासले जाते.

तिसरी पायरी : जोडीदाराच्या पगाराचे कागद

जोडीदार एकाच ठिकाणी सहा महिने किंवा अधिक काळ नोकरीत असेल तर काम सोपे असते. सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, त्याच सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट आणि मालकाचे पत्र, एवढे लागते. पत्रात वार्षिक ढोबळ पगार, नोकरी कधीपासून आहे, हा पगार कधीपासून मिळतो आणि नोकरी कायम आहे की मुदतीची, हे चारही मुद्दे असावेत. स्लिपवरची निव्वळ रक्कम आणि स्टेटमेंटमध्ये जमा झालेली रक्कम प्रत्येक महिन्याला जुळली पाहिजे. बसून पेन्सिलीने एकेक ओळ जुळवावी.

इथे लग्नामुळेच एक अडचण येते. सहा महिन्यांतला पगाराचा सर्वांत कमी स्तर पाहिला जातो, आणि मुलगा लग्नासाठी तीन आठवडे ठाण्याला येताना विनावेतन रजा घेऊन येतो, त्यामुळे त्या महिन्याची स्लिप कमी रकमेची निघते. शक्य असेल तर भरपगारी रजा घ्यावी. ते शक्य नसेल तर त्या महिन्याचे कारण मालकाच्या पत्रात लिहून घ्यावे, किंवा तो महिना मागच्या सहा महिन्यांबाहेर जाईपर्यंत अर्ज थांबवावा.

नोकरी बदलून सहा महिने झाले नसतील तर सध्याचा पगार अटीइतका असावा लागतो आणि शिवाय गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेली कमाईही त्या आकड्यापर्यंत पोहोचावी लागते. म्हणून लग्न आणि नोकरीबदल एकाच वर्षी आले तर आधी हा हिशेब करावा. स्वतःचा धंदा असणाऱ्यांसाठी ब्रिटनचे पूर्ण आर्थिक वर्ष, म्हणजे ६ एप्रिल ते ५ एप्रिल, पाहिले जाते, आणि धंद्याच्या उत्पन्नातली तूट बचतीने भरून काढता येत नाही.

चौथी पायरी : पगार कमी पडत असेल तर बचतीचा हिशेब

पहिले १६,००० पौंड हिशेबात धरलेच जात नाहीत. त्यापुढची बचत अडीच वर्षांवर वाटून मोजली जाते. म्हणून सूत्र असे : उत्पन्नातली तूट गुणिले अडीच, अधिक १६,०००.

माझ्या पुतणीचा नवरा लेस्टरमध्ये नोकरी करतो आणि त्याचा पगार २७,५०० पौंड होता. तूट १,५०० पौंडांची. तिची अडीच पट ३,७५०, त्यात १६,००० मिळवले की १९,७५० पौंड, म्हणजे आपल्या दराने २२ लाख ७१ हजार रुपये. वर्षाला केवळ दीड हजार पौंड कमी पडतात आणि त्यासाठी पावणेतेवीस लाख रुपये दाखवावे लागतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण वाढीव रकमेचा मोठा भाग त्या १६,००० चा आहे. उत्पन्न अजिबात नसेल आणि सगळी अट बचतीवरच पूर्ण करायची असेल तर ८८,५०० पौंड लागतात, म्हणजे एक कोटी रुपयांहून अधिक.

ही रक्कम अर्जाच्या तारखेआधी सलग सहा महिने अर्जदाराच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या संयुक्त नावावर असावी लागते. त्या काळात खात्यातली शिल्लक जितकी खाली गेली असेल तितकीच बचत धरली जाते. शेवटच्या महिन्यात घाईने भरलेले दोन लाख उपयोगी पडत नाहीत. रक्कम एकाच खात्यात असण्याचे बंधन नाही, तीनचार खात्यांची बेरीज चालते, मात्र प्रत्येक खात्याचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट जोडावे लागते.

पैसे तिकडे पाठवण्याचीही गरज नसते. पैसे इथल्या बँकेत राहिले तरी पूर्ण मोजले जातात. हे ठाऊक नसल्यामुळे काही जण लाखो रुपये परदेशी पाठवतात, आणि एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर अशी रक्कम पाठवली की बँक वरच्या भागावर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. तो आयकर विवरणपत्रात जुळवून घेता येतो, पण तोवर पैसा अडकून पडतो.

पाचवी पायरी : एफडीच्या पावतीवरची नावे वाचा

पुतणीच्या बाबतीत आम्ही चुकलो ते इथे, आणि मी स्वतः बँकेतला असून मला ते आधी दिसले नाही, याची खंत मला अजून आहे. कोपरखैरण्याला भावाच्या कपाटात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये तिच्या लग्नासाठी जमवलेल्या पाच पावत्या होत्या, एकूण चोवीस लाखांच्या. घरात सगळे त्यांना ‘तिच्या एफडी’ म्हणत. पावतीवर मात्र पहिले नाव भावाचे, दुसरे तिचे, खाली ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (म्हणजे दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकेल), आणि व्याज दर तिमाहीला भावाच्या बचत खात्यात जमा. कागद पाहणाऱ्या परक्या अधिकाऱ्याला तो पैसा वडिलांचा दिसणार यात शंका नव्हती. शेवटी पावत्या मोडून, रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात वळती करून नव्या एफडी केल्या आणि तिथून सहा महिने मोजायला घेतले. लग्न मार्गशीर्षात झाले आणि अर्ज ज्येष्ठात गेला. साखरपुड्याच्या वेळीच पावत्या उघडून वाचल्या असत्या तर ती गुढीपाडव्याला लेस्टरमध्ये असती.

म्हणून आजच पावत्या काढून पाहाव्यात. अर्जदार आणि जोडीदार सोडून तिसऱ्या कोणाचे नाव असलेले खाते या कामासाठी वापरू नये. एफडी चालते, पण ती हवी तेव्हा मोडता आली पाहिजे. दंड लागला तरी हरकत नाही. पाच वर्षांची करबचतीची एफडी मुदतीआधी मोडता येत नाही, म्हणून ती धरू नये. पीपीएफ आणि नोकरी चालू असताना पीएफमध्ये असलेली रक्कमही धरू नये. शेअर आणि म्युच्युअल फंड विकून पैसे खात्यात आल्यावरच उपयोगी पडतात. मात्र ते सहा महिन्यांआधीपासून आपल्याच नावावर होते हे दाखवले तर विक्रीनंतर पुन्हा सहा महिने थांबावे लागत नाही. पतसंस्थेतल्या ठेवींवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते, त्यामुळे त्यात ठेवलेला पैसा सहा महिन्यांची मोजणी सुरू करण्याआधी बँकेत आणावा, असा माझा सल्ला आहे.

सोने, राहत्या घराची किंमत आणि सीएने दिलेले नेटवर्थ सर्टिफिकेट यांचा इथे उपयोग नाही. हे सर्टिफिकेट विद्यार्थ्यांच्या फायलींत पाहून अनेक जण हजारो रुपये देऊन करून घेतात. तसेच ‘मुलीचा सर्व खर्च मी करीन’ असे सासऱ्यांचे किंवा वडिलांचे हमीपत्रही साधारण अर्जात मोजले जात नाही, ते केवळ अपवादात्मक परिस्थितीत विचारात घेतात. वडिलांना मदत करायची असेल तर त्यांनी रक्कम मुलीच्या खात्यात बँकेमार्फत द्यावी, ती परत करायची नाही असे साध्या बक्षीसपत्रात लिहून द्यावे, आणि तिथून सहा महिने थांबावे. आई-वडिलांकडून मिळालेल्या भेटीवर मुलीला आयकर लागत नाही. कर्जाऊ आणलेली रक्कम मात्र चालत नाही.

सहावी पायरी : घर विकले असेल किंवा भाड्याने दिले असेल तर

अर्जदाराच्या स्वतःच्या नावावरचा फ्लॅट सहा महिन्यांच्या आत विकला असेल तर त्याचे पैसे लगेच मोजता येतात, कारण तीच मालमत्ता आधी फ्लॅटच्या रूपात त्याच्याकडे होती. त्यासाठी खरेदीचा जुना करार, विक्रीचा नोंदणीकृत करार, दोन्हींचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातले उतारे) आणि पैसे जमा झाल्याचे स्टेटमेंट द्यावे. किंमत पन्नास लाख किंवा अधिक असेल तर घेणारा एक टक्का टीडीएस कापतो, गृहकर्ज असेल तर बँक तिची रक्कम वळती करून घेते, आणि मग करारातला आकडा व खात्यातला आकडा जुळत नाही. हा फरक एका तक्त्यात लिहून दाखवावा. फ्लॅट वडिलांच्या नावावर असेल तर ही सवलत नाही, ती भेट समजावी आणि सहा महिने मोजावेत.

भाडे हा मार्ग मला सर्वांत उपयोगी वाटतो. घणसोलीला अर्जदाराच्या नावावर फ्लॅट आहे आणि महिन्याला २२,००० रुपये भाडे येते असे समजा. वर्षाचे २ लाख ६४ हजार, म्हणजे सुमारे २,२९५ पौंड. वर सांगितलेल्या २७,५०० च्या पगारात ते मिळवले की २९,७९५ होतात आणि बचत दाखवण्याची गरजच उरत नाही. पावणेतेवीस लाखांचे काम बावीस हजारांच्या भाड्याने होते.

त्यासाठी अर्जाआधीच्या बारा महिन्यांचे भाडे बँकेत जमा झालेले दिसले पाहिजे. रोख घेतलेले भाडे कागदावर दिसत नाही. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा असतो, त्यामुळे बारा महिने दाखवताना जुना आणि नवा असे दोन करार जोडावे लागतात, आणि दोन्ही नोंदणीकृत असावेत. फ्लॅट भावासोबत सामाईक असेल तर आपल्या हिश्शाचेच भाडे धरावे. ‘हेवी डिपॉझिट’ घेऊन नाममात्र भाड्यावर दिलेल्या घराचा इथे फायदा होत नाही, कारण डिपॉझिट परत करायचे असते, ते उत्पन्न नव्हे. अर्जाच्या दिवशी फ्लॅट आपल्याच मालकीचा असावा आणि आपण त्यात राहत नसावे. एफडीचे व्याज आणि लाभांशही याच पद्धतीने, बारा महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेनुसार, मोजले जातात.

सातवी पायरी : दराच्या चढउतारासाठी जादा रक्कम ठेवा

रुपयांतली रक्कम अर्जाच्या तारखेच्या ओआंडा या संकेतस्थळावरील बंद दराने पौंडांत बदलून पाहतात. पुतणीचे चोवीस लाख ११५ च्या दराने २०,८६९ पौंड होतात, म्हणजे गरजेपेक्षा हजारभर जास्त. तोच दर १२२ झाला तर ते १९,६७२ होतात आणि अर्ज ७८ पौंडांनी पडतो. तेव्हा वरून पैसे घालून उपयोग नसतो, कारण घातलेल्या पैशांचे सहा महिने नव्याने मोजायचे. म्हणून पहिल्याच दिवशी गरजेपेक्षा निदान दहा टक्के जास्त रक्कम ठेवावी.

अर्जाचे शुल्क आणि आरोग्य अधिभार (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी अर्जासोबतच भरायची रक्कम) यांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा. भारतातून केलेल्या अर्जाचे शुल्क ९ एप्रिल २०२५ रोजी १,९३८ पौंड झाले. ते बहुधा एप्रिलमध्ये वाढते, म्हणून अर्जाच्या दिवशीचा आकडा पाहावा. आरोग्य अधिभार ६ फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि ३३ महिन्यांच्या व्हिसासाठी तो तीन वर्षांचा, ३,१०५ पौंड, घेतात. दोन्ही मिळून पाच लाख ऐंशी हजारांच्या आसपास रक्कम होते. ही रक्कम बचतीच्याच खात्यातून गेली तर मोजणीच्या दिवशी शिल्लक खाली येण्याचा धोका असतो.

आठवी पायरी : तारखा जुळवा आणि मगच शुल्क भरा

अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन शुल्क भरल्याची तारीख. बोटांचे ठसे दिल्याची नव्हे. शेवटची सॅलरी स्लिप, शेवटचे स्टेटमेंट आणि मालकाचे पत्र त्या तारखेच्या आधीच्या २८ दिवसांतले असावे. इथल्या बँकेचे स्टेटमेंट शाखेत जाऊन प्रत्येक पानावर शिक्का आणि सही घेऊनच आणावे, आणि सोबत शाखेचे पत्र घ्यावे, ज्यात खातेदाराचे नाव, खाते उघडल्याची तारीख आणि एफडी केव्हाही मोडता येते हे लिहिलेले असेल. लग्नानंतर नाव बदलले असेल तर बँक, पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला यांवर तीन वेगळी नावे दिसतात. अर्ज होईपर्यंत पासपोर्टवरचे नाव सगळीकडे तसेच ठेवणे सोयीचे जाते. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे आणि त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख व संपर्क असावा.

फायलीच्या अगदी वर एका पानाचा हिशेब ठेवावा : पगार किती, भाडे किती, तूट किती, बचत कोणत्या खात्यांत किती, कोणत्या दिवशीचा दर धरला, आणि प्रत्येक आकड्याचा पुरावा कोणत्या पानावर आहे. बचतीचा उगम, म्हणजे पगारातून साठवले, वडिलांनी दिले किंवा फ्लॅट विकला, हेही त्याच पानावर दोनतीन वाक्यांत लिहावे. क्षयरोगाची तपासणी, इंग्रजीची परीक्षा आणि तिकडच्या राहत्या जागेचे कागद या वेगळ्या अटी आहेत. तपासणीचा दाखला सहा महिनेच चालतो, म्हणून ती बचतीची मुदत पूर्ण होत आली की करावी, आधी नको.

निर्णय येईपर्यंत त्या खात्यांतल्या पैशाला हात लावू नये. नकार आला तर आरोग्य अधिभार परत मिळतो, अर्जाचे शुल्क मिळत नाही. अपील करायचे असल्यास भारतातून २८ दिवसांची मुदत असते. पण नकाराचे कारण एखादा कमी पडलेला कागद किंवा चुकलेली तारीख एवढेच असेल, तर तो कागद लावून नव्याने अर्ज करणे अनेकदा अपिलापेक्षा लवकर पार पडते, कारण तोपर्यंत खात्यातल्या पैशाचे सहा महिने पूर्ण झालेलेच असतात.